पहिली सुई

खंडेनवमीला जांभूळखोऱ्यात हत्यारांची पूजा होते. कोयते-कुदळी तर आल्याच, पण अलीकडे स्ट्रॉबेरीच्या वाफ्यांवर फवारणी करणारे ड्रोनही धुऊन-पुसून ओळीने मांडतात आणि त्यांना झेंडूच्या माळा घालतात. या सगळ्या पसाऱ्याच्या मधोमध, चौरंगावर, लाल मखमलीवर असते एक काचेची सिरिंज. तिला हळदकुंकू वाहतात, पुढे पेढा ठेवतात. हसायचं असेल तर खुशाल हसा, पण गावात येऊन हसू नका. ती डॉक्टरदादांची सिरिंज आहे.

डॉक्टरदादा म्हणजे डॉ. वामन पोतनीस. या घाटमाथ्यावर एसटीसुद्धा यायची नाही त्या काळात ते साताऱ्याची चालती प्रॅक्टिस सोडून इथे येऊन राहिले आणि इथेच गेले. त्यांची एकुलती एक मुलगी मालिनी, गावाची मालूताई, शाळेची मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाली. लग्न केलं नाही, गाव सोडलं नाही. सिरिंजच्या पूजेचा मान तिचा. तिच्या मागे तबक धरून उभं राहायचा मान पारू शेलारचा. तो पारूला कुणी दिला नव्हता, तिने लहानपणीच घेऊन टाकला होता.

२०३९ सालच्या खंडेनवमीला पारू आली नाही. "आईचं पाऊल भुईला टेकत न्हाई, ताई," तिचा मुलगा दत्ता सांगून गेला. मालिनीने स्वतःच तबक उचललं, आणि पूजा होईपर्यंत उगाचच दोनदा मागे वळून पाहिलं.

पारूला झालेलं दुखणं गावाला नवीन नव्हतं. साठी उलटलेल्या बऱ्याच जणांच्या पोटऱ्यांवर थंडी पडली की बारीक जांभळे ठिपके उठायचे. गावाने त्याला 'शिंपण' असं नाव ठेवलं होतं. आधी ठिपके, मग तळपायांना मुंग्या, मग बधिरपणा, आणि एखाद्याच्या नशिबी न भरणारी जखम. पारूच्या हाताच्या दोन बोटांची टोकं काळी पडली होती आणि आता मूत्रपिंडंही कुरकुर करायला लागली होती. मालिनीच्या अंगावर मात्र एक ठिपका नव्हता. चौसष्टाव्या वर्षीही ती खालच्या वाडीपर्यंत चालत जाऊन यायची. लोक म्हणायचे, बापाची पुण्याई. तिलाही ते ऐकायला आवडायचं, कशाला खोटं बोला.

तालुक्याला रक्त पाठवलं की दर वेळी उत्तर यायचं, काही दोष नाही. त्या वर्षी पुण्याच्या एका संशोधन संस्थेतून डॉ. शर्वाणी सरदेसाई नावाची एक तरुण बाई गावच्या दवाखान्यात येऊन ठाण मांडून बसली. तिने पहिलाच प्रश्न विचारला, "रक्त बर्फात घालून पाठवत होतात?"

"मग काय उकळून पाठवायचं?" मालिनी म्हणाली. गावात कुणी शिकलेलं माणूस आलं की त्याच्याशी बोलायला तिलाच बोलावत.

शर्वाणी हसली. "तिथेच सगळं फसलं, ताई. थंडीत तूप थिजतं ना? या लोकांच्या रक्तात असंच काहीतरी आहे. बर्फात ठेवलं की ते थिजून नळीच्या तळाशी बसतं. तपासणारा वरचं पाणी तपासतो आणि काही नाही म्हणून कळवतो. रक्त अंगाइतकं ऊबदार ठेवून न्यायला हवं."

मालिनीने घरी जाऊन शाळेच्या सहलींना न्यायचा आपला मोठा थर्मास आणून दिला. त्या दिवसापासून दोघींचं जमलं. शर्वाणी संध्याकाळी चहाला यायची, आणि मालिनी तिच्याकडून एकेक गोष्ट समजून घ्यायची.

शर्वाणीचं सांगणं थोडक्यात असं होतं. ही सगळी माणसं कधीतरी सी प्रकारच्या काविळीची रुग्ण होती. ही कावीळ डोळे पिवळे करेलच असं नाही, वर्षानुवर्षं यकृतात मुक्काम ठोकून बसते. शरीर तिच्याशी लढायला प्रतिपिंडं बनवतं. विषाणू आणि प्रतिपिंडं एकमेकांना चिकटून त्यांचे पुंजके होतात, थंडीत ते आणखी घट्ट होतात आणि बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतींत जाऊन रुततात. मग शरीराची फौज तिथे धावून जाते आणि शत्रूच्या नादात आपल्याच भिंती फोडत सुटते. ते जांभळे ठिपके म्हणजे फुटलेल्या भिंतीतून झिरपलेलं रक्त.

"पण ती कावीळ तर गेली ना गावातून!" मालिनी म्हणाली. "सरकारी गोळ्यांची मोहीम झाली होती. घरोघरी तपासलं होतं. पारूलाही गोळ्या दिल्या, विषाणू गेल्याचा दाखला मिळाला."

"विषाणू गेला, ताई. बहुतेकांना तेवढ्यानं बरंही वाटतं. पण काहींच्या शरीरात त्या प्रतिपिंडं बनवणाऱ्या पेशी थांबतच नाहीत. चोर केव्हाचा निघून गेलाय आणि गस्तवाले अजून दिसेल त्याला बडवतायत. पारूबाईंचं शरीर ज्याच्याशी भांडतंय तो आता कुठेच नाही."



उपाय होता. नेहमीची लस शरीराला शिकवते, ही नवी लस विसरायला लावते. त्या जुन्या विषाणूचा निर्जीव मुखवटा तयार करायचा आणि तो अशा बेताने शरीराला दाखवायचा की गस्तीच्या पेशींना उमगावं, याच्यापासून भय नाही, चला घरी. अडचण एवढीच की हा विषाणू माणसागणिक तोंडवळा बदलतो. प्रत्येकासाठी वेगळा मुखवटा घडवायचा तर वर्षं जातील, आणि पारूजवळ वर्षं नव्हती. पण सगळ्यांचा विषाणू एकाच मुळातून आला असेल आणि ते मूळ सापडलं, तर एकच लस साऱ्यांना लागू पडते. त्यासाठीच शर्वाणीने ते शिलाई मशीनएवढं यंत्र आणलं होतं. त्याचं नाव मूळवाचक. विषाणू मेला तरी त्याच्याशी लढलेल्या स्मृतिपेशी रक्तात उरतात. त्यांच्यावरून हे यंत्र गेलेल्या विषाणूचा चेहरा पुन्हा रेखाटायचं आणि कुणाचा कुणापासून आला त्याचा वंशवृक्ष मांडायचं.

दिवाळी झाली, थंडी वाढली. एका संध्याकाळी शर्वाणीने चहाचा कप हातात घेतला आणि न पिताच खाली ठेवला.

"ताई, वृक्ष तयार झालाय. फांद्या सगळ्या आहेत. लागण साधारण एकाच काळातली आहे, तुम्ही लहान असतानाची. ती एका सुईनं झालीय."

"कुठल्या सुईनं?"

शर्वाणीने बाबांच्या बंद दवाखान्याच्या खोलीकडे पाहिलं. गावात तेव्हा सुई एकच होती.

"ऊठ," मालिनी म्हणाली. "चहा राहू दे तो. ऊठ आणि चालू लाग."

"ताई, तेव्हा सगळीकडे तसंच व्हायचं. लोक रांगा लावायचे. दोन रुग्णांच्या मध्ये सुई स्पिरिटनं पुसायची, हीच पद्धत होती. त्यांना कुणी दोष—"

"माझे बाबा रोज सकाळी सुया उकळायचे! त्या वाफेच्या वासानं मला जाग यायची. आणि तू काल आलेली पोर मला सांगतेस की त्यांनी गाव मारलं?"

शर्वाणी दारापर्यंत गेली आणि वळून म्हणाली, "मूळ सापडलेलं नाही, ताई. फांद्यांवरून बनवलेली लस प्रयोगात लागू पडत नाहीये. बुंधा ज्या माणसाचा आहे, त्याचं रक्त आमच्याकडे नाही." मालिनीने तिच्यामागे दार लावून घेतलं.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी, कारण तिच्यावाचून पुढचं कळायचं नाही. त्या काळी लोकांना दोन गोष्टी एकाच वेळी हव्या असायच्या. सुई दिल्याशिवाय गुण येत नाही ही खात्री, आणि सुईची भयंकर भीती. बायाबापड्या उंबऱ्याशी येऊन परत पळायच्या. त्यावर डॉक्टरदादांनी एक तोड काढली होती. दवाखाना उघडला की दिवसाची पहिली सुई ते आपल्या मालूला द्यायचे, सगळ्यांसमोर, लाल जीवनसत्त्वाची. ती पोर लहानपणी अशक्त होती, तेव्हा औषधही कारणी लागायचं. "बघा, माझ्या पोटच्या पोरीला दिली. आता बोला!" आणि मग मोठ्याने विचारायचे, "काय गं मालू, दुखलं?"

"छे! मुंगी चावली," मालू म्हणायची. सगळा दवाखाना हसायचा आणि रांग पुढे सरकायची. बाबांनी कौतुकाने पाठीवर ठेवलेला हात तिला आजही जाणवायचा. सुई दुखायची, चांगली सणसणून दुखायची, पण ते तिने कधी कुणाला सांगितलं नव्हतं.

पौष लागला तशी पारूने अंथरूण धरलं. मालिनी तिच्याकडे गेली तेव्हा दत्ता शेगडीवर विटा तापवून आईच्या पायांशी ठेवत होता. पारूचा चेहरा सुजला होता. तरी मालिनीला पाहून तिने डोळे मिचकावले.

"बस गं. डाक्टरीन सांगत हुती, तू तिला घराभाईर काढलंस."

"बाबांबद्दल वाटेल ते बोलली."

"बोलू दे की. डाक्टरदादांनी माझ्या आईचं बाळंतपण केलं, बैलाची शिंगं लागली तवा माझं पोट शिवलं. त्यांच्या सुईनं मेले तरी माझी तक्रार न्हाई." मग तिने रग गळ्यापर्यंत ओढला. "आठवतंय का गं? तू पहिली, म्या दुसरी. तुझा हात सोडायची न्हाई म्या. तू मुंगी चावली म्हनलीस की माझा जीव भांड्यात पडायचा. माझ्यामागं आमचं हे उभं असायचं, तवा ते नुसतं शेंबडं पोर हुतं."

पारूचा नवरा यकृत बिघडून पोटात पाणी होऊन गेला त्यालाही बरीच वर्षं झाली होती.

घरी परतताना मालिनीच्या मनात एकदम काहीतरी लखलखलं. पहिली सुई तिची असायची. ती तर ठणठणीत होती. सरकारी मोहिमेत तिच्या रक्तात काही निघालं नव्हतं. मग सुई वाईट असेल कशी? एवढी साधी गोष्ट आपल्याला आधी कशी सुचली नाही, म्हणून ती स्वतःवरच चिडली. तिने तसाच दवाखाना गाठला आणि शर्वाणीपुढे बाही वर केली.

"घे रक्त. थर्मासमध्ये ठेव, नीट ऊबदार. माझ्यात काही निघालं नाही तर बाबांची माफी मागायची. चौरंगासमोर उभं राहून मागायची, सगळ्या गावादेखत."

"मागेन, ताई," शर्वाणी म्हणाली.

निकाल सांगायला शर्वाणी घरी आली तेव्हा भर दुपार होती. पडवीत ऊन होतं, तरी तिने शाल गुंडाळली होती. तिने विचारलं, "लहानपणी तुम्हाला कधी रक्त चढवलं होतं?"

मालिनीला आठवावं लागलं नाही. बरगडीखालचा व्रण होताच. सहा वर्षांची असताना ती जांभळाच्या झाडावरून पडली होती, प्लीहा फुटली होती. बाबा तिला पाठीवर बांधून घाट उतरले आणि साताऱ्याला घेऊन गेले. तिथे कुणा अनोळखी माणसाचं रक्त चढवून तिला वाचवलं. तेव्हा रक्तात ही कावीळ शोधायची चाचणीच जगात नव्हती. त्या दुखण्यातून उठल्यावर अशक्तपणा राहिला आणि म्हणूनच तर ती लाल सुई सुरू झाली.

"मुलांपैकी काही जण या विषाणूला स्वतःहून हुसकावून लावतात," शर्वाणी हळू आवाजात सांगत होती. "त्याला महिने लागतात, कधी त्याहूनही जास्त. पुढे प्रतिपिंडं विरून जातात, म्हणून मोहिमेतल्या चाचणीला तुमच्यात काही सापडलं नाही. पण पेशींची आठवण राहते. तुमच्या पेशींना आठवणारा चेहरा सगळ्यांत जुना आहे, ताई. बाकीचे सगळे त्याच्यापासून निघालेत."

"म्हणजे बुंधा—"

"तुम्ही. आता लस होईल. महिन्याभरात होईल. पारूबाई वाचू शकतील, तुमच्यामुळे." तिने मालिनीच्या गुडघ्यावर हात ठेवला. "अहवालात कुणाचंही नाव नसतं. गावाला काही सांगायची गरज नाही."

मालिनी काही रडली नाही. शर्वाणी गेल्यावर ती उठली आणि बाबांच्या बंद दवाखान्याच्या खोलीत जाऊन लहानपणीच्या स्टुलावर बसली. आणि दंडावर, बरोबर त्या जागी, तिला स्पिरिटचा गार बोळा लागला. खोलीत कुणी नव्हतं. तिने मान वळवली तर दारापर्यंत रांग होती. पहिली पारू, परकर-पोलक्यातली, मग शेंबडा मुलगा, मग वाण्याची सून, कुंभाराचा गणा, खालच्या वाडीतल्या बाया. त्यातली निम्मी माणसं तिने स्मशानात पोचवली होती. सगळी तिच्या तोंडाकडे पाहत होती, ही काय म्हणते म्हणून. बाबांनी विचारलं, काय गं मालू, दुखलं?

ती किंचाळून बाहेर आली.

त्यानंतर रांग तिच्या मागेच लागली. ती दुकानात गेली की रांग मागे उभी. देवळात घंटा वाजवायला हात वर केला की मागे पावलं सरकल्याचा आवाज. वेड लागलं असं म्हणाल तर तसं नाही. दूधवाल्याचा हिशोब चुकत नव्हता, भाजीत मीठ बरोबर पडत होतं. फक्त ती पहिली होती आणि तिच्यामागे माणसं होती. नाव कुणाला कळणार नव्हतं. बाबांवरही बालंट नको, आपल्यावरही नको, लस येईल, पारू बरी होईल आणि पुढच्या खंडेनवमीला तबक धरून मागे उभी राहील. मागे! म्हणजे पुन्हा त्याच रांगेत.

शेवटी एका सकाळी ती पारूकडे गेली, दत्ताला बाहेर पाठवलं आणि सगळं सांगितलं. जांभळाचं झाड, साताऱ्याचं रक्त, पहिली सुई, सगळं.

पारू ऐकत राहिली. मग म्हणाली, "म्हंजी तुझ्यातनं माझ्यात."

"हो."

"आनि माझ्यातनं ह्यांच्यात."

पारूने तोंड भिंतीकडे फिरवलं. भिंतीकडे पाहतच ती म्हणाली, "ती लस तुझ्या रक्तातली हाय न्हवं? मला नगं. एकदा घेतलं तुझं, पुरं झालं. जा तू."

आता याला काय म्हणावं? खरं बोलून मालिनीने आपल्या छातीवरचा धोंडा उतरवला होता आणि तो नेऊन पारूच्या छातीवर ठेवला होता. लस आली. वाण्याच्या सुनेने घेतली, गणाने घेतली. माघातल्या कडाक्यातही गणाच्या पोटऱ्यांवर नवा ठिपका उठला नाही, म्हणून तो धोतर वर करून येईल-जाईल त्याला दाखवत सुटला. पारूने शर्वाणीला दोनदा परत पाठवलं. दत्ता मालिनीच्या पायाशी बसून रडला, "ताई, तुमी तिला असं काय बोलला वो?" ती रोज पारूच्या अंगणात जायची, तुळशीपाशी बसायची आणि आत न जाता परत यायची. तिच्या मनात एकच घोळत होतं, आपण गप्प बसलो असतो तर पारू जगली असती.

शर्वाणी पुण्याला परतायच्या आदल्या दिवशी सकाळी तिसऱ्यांदा पारूकडे निघाली. मालिनी नेहमीप्रमाणे तुळशीपाशी होती. आतून पारूचा आवाज आला, चिरका, पण जुन्या दरडावणीचा.

"तिला आत बोलव. भाईर काय बसलीया पावन्यावानी!"

मालिनी आत गेली. पारू उशांना टेकून बसली होती. अंगावर दोन रग, हात चादरीखाली. तिने मालिनीकडे पाहिलंच नाही, शर्वाणीलाच म्हणाली, "आदी तिला दे."

"मावशी, त्यांना या लसीची गरज नाही."

"गरज मी इचारली का? रीत हाय ती. ती पहिली, म्या दुसरी. तिनं घेतल्याबिगर म्या कवाच हात पुढं केला न्हाई, आनि आज करायची न्हाई."

शर्वाणीने मालिनीकडे पाहिलं. मालिनीने मान डोलावली आणि बाही वर केली. शर्वाणीने एक नवी सुई पाकिटातून काढली, तिच्यात लसीऐवजी थोडं सलाइनचं मिठाचं पाणी भरलं. दंडावर गार बोळा फिरला. मालिनीला मागची पावलं ऐकू आली. सगळी आली होती, दारापर्यंत. सुई आत गेली, बाहेर आली. शर्वाणीने ती दोघींच्या देखत मोडून डब्यात टाकली.

आता पारूने मालिनीकडे पाहिलं, पहिल्यांदाच, डोळ्याला डोळा देऊन. "काय गं मालू," ती म्हणाली, "दुखलं?"

तोंडात उत्तर तयार होतं. ते जन्मभर तयारच होतं.

"दुखलं," मालिनी म्हणाली. तिचा आवाज फुटला. "फार दुखलं गं पारे. तेव्हाही दुखायचं. रोज दुखायचं. मी खोटं सांगत होते तुम्हाला."

खोलीत कुणी हसलं नाही. पारूने काळ्या बोटांचा हात चादरीखालून काढला, मालिनीचं मनगट धरलं, लहानपणी धरायची तसंच गच्च, आणि दुसरा दंड शर्वाणीपुढे केला.